म्युरेनमध्ये हिवाळ्याचा एक आठवडा : स्की न करता, घाई न करता

आपल्याकडच्या सहली स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात येतात त्या बहुतेक युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्थानकासाठी. सकाळी वर, संध्याकाळी खाली आणि दुसऱ्या दिवशी दुसरं शहर. खोऱ्याच्या पश्चिमेच्या कड्यावर, तळापासून सुमारे आठशे मीटर उंचावर म्युरेन नावाचं गाव आहे. उंची १,६३८ मीटर, कायमची वस्ती चार-साडेचारशे, आणि मोटारीनं तिथं पोचायचा रस्ता नाही. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं ओळीनं उभी. पायाला स्की न बांधता इथं आठवडाभर राहायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते पुढे लिहिलं आहे. संथ सुट्टी आपोआप घडत नाही. ऊन, बर्फ आणि गाड्यांचं वेळापत्रक या तिघांशी जुळवून घेतलं तरच ती संथ राहते, नाहीतर आठवडा सामान ओढण्यात आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचण्यात जातो.

पहिला प्रश्न : कुठला आठवडा? नाताळ ते नववर्ष सर्वांत महाग आणि सर्वांत गजबजलेला. जानेवारीत दोन स्की शर्यती असतात. समोरच्या वेंगेन गावाची लाउबरहॉर्न शर्यत आणि म्युरेनची स्वतःची इन्फर्नो, जी १९२८ पासूनची आहे. लाउबरहॉर्नच्या दिवसांत खोऱ्यातल्या गाड्या तुडुंब भरतात, तर इन्फर्नोच्या आठवड्यात म्युरेनमध्ये जागा मिळणं अवघड. या दोन्ही तारखा आधी शोधाव्यात आणि त्या टाळून आरक्षण करावं. फेब्रुवारीत स्विस शाळांना 'क्रीडा सुट्टी' असते. ती प्रत्येक कँटनची (प्रांताची) वेगळ्या आठवड्यात, त्यामुळे गर्दी जवळजवळ महिनाभर टिकते. उरतात ते जानेवारीचे शेवटचे दिवस आणि मार्चचा पहिला पंधरवडा. आमचं मत विचाराल तर मार्च. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदय सव्वाआठच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेपाचच्या आत. फेब्रुवारीअखेर संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. शिवाय म्युरेनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला चार हजार मीटरच्या घरातली भिंत असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत उजेड झाला तरी प्रत्यक्ष ऊन गावात उतरायला निम्मी सकाळ सरते, आणि दुपारी ते लवकरच मागच्या डोंगराआड जातं. फोटोत दिसणारं ते सोनेरी ऊन त्या दिवसांत मोजकेच तास मिळतं. नोव्हेंबर आणि ईस्टरनंतरचे आठवडे मात्र पूर्ण टाळा. तेव्हा हॉटेलं बंद, केबल कार दुरुस्तीला आणि वाटांवर चिखल.

राहायला हॉटेलपेक्षा सुट्टीसाठी भाड्यानं मिळणारं घर बरं. त्याला जर्मनमध्ये 'फेरिएनवोनुंग' म्हणतात आणि शोधताना तोच शब्द टाकला तर जास्त पर्याय दिसतात. हंगामात ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. जाहिरातीतल्या भाड्यात तीन गोष्टी सहसा धरलेल्या नसतात : शेवटची साफसफाई, दरडोई दररात्रीचा पर्यटन कर, आणि कधी कधी चादरी-टॉवेल. पहिली रक्कम मुक्काम तीन रात्रींचा असो की सातचा, तेवढीच असते. एका जागी पूर्ण आठवडा राहणं स्वस्त पडतं, त्याचं एक कारण हेच. पर्यटन कर भरल्यावर पाहुण्यांचं कार्ड मिळतं. ते न विसरता मागून घ्यावं, कारण गावच्या क्रीडा केंद्रातला पोहण्याचा तलाव आणि बर्फावरचं स्केटिंग यांच्या सवलती त्यावर असतात.

घर निवडताना नकाशावर आणखी एक गोष्ट पाहा. म्युरेनला दोन स्थानकं आहेत, गावाच्या दोन टोकांना. उत्तरेला ग्रुच्चाल्पहून येणाऱ्या छोट्या रेल्वेचं, दक्षिणेला श्टेखेलबेर्गहून येणाऱ्या केबल कारचं. मध्ये चालत पंधरा-वीस मिनिटं, बर्फावरून सामान ओढत त्याहून बरीच जास्त. घर कुठल्या टोकाला आहे हे कळलं की कुठल्या बाजूनं वर यायचं ते ठरतं. चढावर, आल्मेंडहुबेल टेकडीच्या बाजूला असलेल्या घरांतून देखावा उत्तम, पण रोज संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन तोच चढ चढायचा आहे, हे आधी लक्षात घ्यावं. घरात सत्तरीचे आई-बाबा असतील तर देखाव्यावर थोडं पाणी सोडून सपाटीवरचं घर घ्या.

व्हिसासाठी लागणारा प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. तेवढ्यावर थांबू नका. स्वस्त पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात आणि काही विमा कंपन्या बर्फावरच्या साध्या लाकडी घसरगाडीलाही त्यातच धरतात. डोंगरातून हेलिकॉप्टरनं उतरवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे लेखी विचारून घ्या. हेलिकॉप्टर बचावसेवा 'रेगा' आहे, तिचा देशांतर्गत क्रमांक १४१४, आणि रुग्णवाहिकेचा १४४. हे दोन आकडे फोनमध्ये भरून ठेवावेत.

सामान बांधताना पहिला नियम : चार छोट्या चाकांची बॅग नको. ती गुळगुळीत फरशीवर पळते, तुडवलेल्या बर्फात रुतते. दोन मोठ्या चाकांची बॅग किंवा पाठीवरची सॅक. कपड्यांत थर महत्त्वाचे, जाडी नव्हे. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे इथं त्रास देतात. चढावर घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि पाच मिनिटं उभं राहिलं की तेच कापड अंग गार करतं. जीन्सचंही तेच. एवढ्याशा कामासाठी भारी जाकीट विकत घेण्यापेक्षा दोन मधले थर जास्त न्यावेत.

बूट घोट्यापर्यंतचे, जलरोधक आणि खोल खाचांच्या रबरी तळव्याचे. नवे असतील तर निघण्याआधी दोन-तीन आठवडे घालून फिरा. बुटांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुटांवर ताणून चढवायचे रबरी पट्टे, ज्यांच्या खाली लोखंडी दाते असतात. जर्मनमध्ये त्यांना 'ग्र्योडेल' म्हणतात. इथल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत ते मिळतात. हिवाळ्यात पाय मोडतात ते डोंगरावर कमी, गावातल्या गल्लीत जास्त. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी त्यावर भुरभुर बर्फ पडलं की खालची काच दिसत नाही. गावात बारीक खडी टाकतात, पण ती सगळीकडे नसते. हे दाते दगडी पायऱ्यांवर आणि दुकानाच्या फरशीवर मात्र उलटे घसरतात, म्हणून दाराशी काढायचे.

गॉगल तिसऱ्या श्रेणीचा (कॅटेगरी ३) किंवा त्यावरचा, आणि सनस्क्रीन ५० एसपीएफचं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतं. म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं. 'आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय' हा गैरसमज पहिल्याच संध्याकाळी उतरतो.

विजेचा अडॅप्टर स्विस नमुन्याचा घ्या. युरोपातला जाड गोल प्लग इथल्या षटकोनी खळग्यात बसत नाही, फक्त पातळ दोन पिनांचा बसतो.

खाण्याच्या सामानाचं गणित वेगळं आहे. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी हे सगळं घरीच. ताज्या भाज्या-फळांनाही बंदी आहे, त्यामुळे कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर बॅगेत नको. पोहे, रवा, भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, सुकवलेला कढीपत्ता, मूगडाळ खुशाल न्या. तूप तिथलं मीठविरहित लोणी मंद आचेवर कढवून घरीच होतं, आणि उत्तम होतं. मसूरडाळ, तांदूळ, कांदे, बटाटे, दही तिथल्या सुपरमार्केटात मिळतं.

आता पोचण्याचा दिवस. मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे, ते पहाटे उतरतं. घराची किल्ली मात्र दुपारी तीन-चारच्या आधी मिळत नाही. म्हणून विमानतळावर घाई करण्यात अर्थ नाही. रेल्वेनं बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, सव्वादोन तासांच्या आसपास. पुढची छोटी गाडी लाउटरब्रुनेनला वीस मिनिटांत नेते, पण इथं चुकणारे रोज दिसतात. ती गाडी पुढे त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी आणि फलाटावरच्या फलकावरचं अक्षर पाहूनच चढा. चुकीच्या भागात बसलात तर त्स्वाइल्युचिनेनला उतरून डबा बदलायला वेळ थोडा असतो, आणि तेवढ्यात तीन बॅगा हलत नाहीत.

लाउटरब्रुनेनला उतरल्यावर वर जायच्या आधी बाजार करा. म्युरेनला कोऑपचं दुकान आहे, पण ते लहान, संध्याकाळी लवकर बंद होणारं, आणि रविवारी उघडं असेल या भरवशावर राहण्यासारखं नाही. तुम्ही शनिवारी पोचणार, म्हणजे दुसरा दिवस रविवार. दूध, पाव, अंडी, लोणी, भाजी, दोन वेळच्या जेवणाचं सामान एवढं आत्ताच घ्यावं.

स्थानकाच्या समोर, रस्त्यापलीकडे ग्रुच्चाल्पची केबल कार. १८९१ मध्ये इथं रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर होती, २००६ पासून केबल कार आहे. चार मिनिटांत वर. तिथून शेजारच्याच फलाटावर म्युरेनची छोटी रेल्वे उभी असते, कड्याच्या काठाकाठानं पाव तासाच्या आत गावात. बसायचं डाव्या बाजूला. पर्यटकांचा स्विस ट्रॅव्हल पास म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो, तिथून वर शिल्टहॉर्न शिखराला निम्मं भाडं. दुसरा मार्ग लाउटरब्रुनेनहून पिवळ्या बसनं श्टेखेलबेर्ग आणि तिथून केबल कार. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नवी केबल कार सरळ म्युरेनला नेते आणि तिची चढण जगात सर्वांत तीव्र म्हणून सांगितली जाते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना पहिल्या दिवशी ग्रुच्चाल्पच्या वाटेनंच न्या.

गावातल्या रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आणि ट्रॅक्टर सामान वाहतात. हॉटेलं बहुधा माणूस पाठवतात, घरमालक बहुधा नाही. गावकरी काय करतात? घसरगाडीवर सामान बांधून ओढतात. किराणा, मूल, पाववाल्याच्या पेट्या, सगळं तिच्यावरच. स्थानकाजवळच्या दुकानातून आठवड्याच्या भाड्यानं एक लाकडी घसरगाडी पहिल्याच दिवशी घेतली, तर ती वाहन आणि खेळणं दोन्ही होते. चालताना छपरांच्या कडेखालून जायचं नाही. ऊन लागलं की छपरावरचं बर्फ एकदम घसरतं, आणि त्याचं वजन माणसाला आडवं करायला पुरेसं असतं. मुलांना तर तिथं उभंही राहू देऊ नये.

पहिल्या रात्री झोप तुटक लागते. उंचीपेक्षा कोरडी हवा हे त्याचं मोठं कारण. घर गरम, बाहेरची हवा गार आणि त्यात बाष्प कमी, त्यामुळे घसा आणि नाक सुकतं, कुणाच्या नाकातून रक्तही येतं. रेडिएटरवर ओला टॉवेल टाका, पाणी पीत राहा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटल्या विकत घेऊ नका. हवा खेळवण्याची इथली रीत आहे ती पाळा : दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं ठेवायच्या आणि बंद करायच्या. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर भिंती गार पडतात, हीटर जळत राहतो आणि घरमालकाचा चेहरा उतरतो.

आता स्वयंपाक. १,६३८ मीटरवर पाणी साधारण ९४-९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. मूग किंवा लाल मसूर वापरा, तीही तासभर भिजवून. छोटा कुकर न्यायचा असेल तर घरातली शेगडी कुठली ते आधी विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी. तळाला लोहचुंबक चिकटलं तरच चालेल. काचेच्या पृष्ठाची साधी विजेची शेगडी असेल तर वेगळी पंचाईत : ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेलीच राहते. मोहरी तडतडली की बटण बंद करून उपयोग नाही, भांडं उचलून बाजूला ठेवायचं. नाहीतर जिरं, हिंग, हळद तिन्ही करपतात. धूर झाला की वाजणारी घंटा बसवलेली असेल तर फोडणीच्या आधी खिडकी उघडा. शेगडीवरचा पंखा पुष्कळदा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. लाकडी घरात लसणाच्या फोडणीचा वास पुढच्या भाडेकरूपर्यंत टिकतो.

एक संध्याकाळ फॉन्ड्यूची, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायची, असू द्या, घरीच. बाहेर त्याचे माणशी जे पैसे पडतात त्यात घरी चौघांचं होतं. माणशी २०० ग्रॅम चीज, निम्मं ग्रुयेर आणि निम्मं फ्रिबूर्गचं वाशेराँ. दुकानात हे मिश्रण किसून तयार मिळतं. पातेल्याला आतून लसूण चोळायचा, माणशी १०० मिलिलीटर पांढरी वाइन घालायची. दारू नको असेल तर तेवढंच पाणी किंवा आंबट सफरचंदाचा रस, आणि चमचाभर लिंबाचा रस. लिंबू विसरू नका. आंबटपणा नसेल तर चीज एकजीव न होता दोऱ्या सुटतात आणि तेल वर येतं. चौघांसाठी चार छोटे चमचे मक्याचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घाला. आच मंद, आणि मिश्रण कधीही खळखळू द्यायचं नाही, वाशेराँ तर फारच लवकर फाटतं. इंग्रजी आठच्या आकारात ढवळत राहा. पाव आदल्या दिवशीचा, म्हणजे काट्यावरून पडत नाही. काटेकोर शाकाहारींनी एक ध्यानात घ्यावं : ग्रुयेर विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तो त्या चीजच्या नियमाचाच भाग आहे. तुमच्या घरात हे चालत नसेल तर वेष्टनावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं चीज शोधा किंवा र्योश्ती (किसलेल्या बटाट्याचं तव्यावरचं थालीपीठ) करा. बाहेर जेवताना 'एल्पलरमाग्रोनेन' मागवा : मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गर. त्यात कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून 'ओने श्पेक' म्हणायचं.

दिवस कसा लावायचा? सकाळी लवकर बाहेर पडण्याची आपली सवय इथं मोडावी लागते. सूर्य यायच्या आत वाटा टणक आणि निसरड्या असतात. न्याहारी सावकाश, हवामानाचं ॲप आणि वरच्या स्थानकांवरचे कॅमेरे पाहून बेत, मग साडेदहाच्या सुमारास दारातून बाहेर. परतायचं ऊन जाण्याच्या आत, कारण सावली पडली की तापमान काही मिनिटांत पाच-सहा अंशांनी खाली आल्यासारखं वाटतं आणि वाट पुन्हा गोठू लागते. मार्चमध्ये उलट अडचण : दुपारी दोननंतर बर्फ भिजतं, पाय घोट्यापर्यंत रुततो, चालणं दमवतं.

हिवाळ्यात चालायच्या वाटा गुलाबी पाट्यांच्या असतात. उन्हाळ्याच्या पिवळ्या पाट्या जागेवरच असतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ती वाट बर्फाखाली किंवा हिमस्खलनाच्या उतारावर असू शकते. गुलाबी वाटा यंत्रानं दाबून सपाट केलेल्या असतात आणि धोका वाढला तर बंद केल्या जातात. बंदीची दोरी ओलांडून 'पुढे पाऊलखुणा दिसतायत' म्हणून जाणं हा शुद्ध मूर्खपणा. हिमस्खलनाचं पत्रक दावोसची हिम-संशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता काढते, सकाळी आठला त्यात भर घालते. धोक्याच्या पातळ्या एक ते पाच. दाबलेल्या उघड्या वाटेवर चालणाऱ्याला त्याची रोज गरज नाही, पण बर्फावर चालायचे रुंद जाळीदार बूट घालून बाजूच्या जंगलात शिरायचा मोह होत असेल तर ते वाचल्याशिवाय निघू नये. वाट जिथं स्कीचा उतार छेदते तिथं थांबून वर बघायचं. येणारा वरून येतो, आवाज न करता.

सुरुवातीला सर्वांत सोपी वाट ग्रुच्चाल्प ते म्युरेन. छोट्या रेल्वेनं ग्रुच्चाल्पला (१,४८६ मीटर) जायचं आणि चालत परत यायचं, म्हणजे शिखरं समोर आणि डावीकडे राहतात. अंतर साडेचार किलोमीटरांच्या आसपास, चढ दीडशे मीटर, फोटो-थांबे धरून दोन तास. मध्ये विंटरेगला उपाहारगृह आहे आणि गाडीचा थांबाही. कुणी दमलं तर तिथून गाडी. तीन पिढ्यांच्या कुटुंबाला याहून चांगली वाट या परिसरात आम्हाला माहीत नाही.

दुसरी वाट खाली गिमेलवाल्डला. ते १,३६३ मीटरवर, म्हणजे पावणेतीनशे मीटरांचा उतार. रस्ता रुंद आणि साफ केलेला, पण काही ठिकाणी बराच तीव्र, सावलीचा आणि चकाकणाऱ्या बर्फाचा. इथं बुटांना दाते हवेतच. उतरायला तासभर धरा. येताना केबल कार. गिमेलवाल्डची केबल आणि सरळ म्युरेनला जाणारी केबल या वेगळ्या, म्हणून सुटण्याची वेळ निघतानाच पाहून ठेवा. गाव छोटं आहे, गोठे आणि लाकडाच्या रचलेल्या ढिगांचं. हिवाळ्यात तिथं चहा मिळेलच असं धरून चालू नका, थर्मास न्या.

घसरगाडीसाठी आल्मेंडहुबेल. गावातून फ्युनिक्युलरनं चार मिनिटांत १,९०७ मीटरवर, आणि घसरगाडीच्या वाटेनं खाली. ही गाडी दिसते तितकी पोरखेळाची नाही. वळायचं त्या बाजूचा पाय बर्फाला टेकवायचा आणि अंग त्याच बाजूला झुकवायचं. थांबायला दोन्ही पाय सपाट दाबून दोरी वर खेचायची, म्हणजे पुढचा भाग उचलला जातो. पाय गाडीखाली कधी जाऊ द्यायचा नाही, गुडघे असेच जातात. हेल्मेट भाड्यानं मिळतं, घ्या. पोटावर झोपून डोकं पुढे करून जाणं तरुणांना फार आवडतं आणि इस्पितळालाही. सकाळी वाट काचेसारखी असते तेव्हा नवशिक्यांनी थांबावं, अकरा ते दोन उत्तम.

शिल्टहॉर्न (२,९७० मीटर) एकदा, स्वच्छ दिवशी. वरच्या कॅमेऱ्यात धुकं दिसत असेल तर पैसे देऊ नका. एक गंमत मात्र हिवाळ्यात होते : उच्च दाबाच्या दिवसांत गार जड हवा खाली बसते, थुनचं सरोवर आणि सगळं पठार करड्या धुक्याखाली आठवडाभर कुढत राहतं, आणि वर म्युरेनला लख्ख ऊन. इंटरलाकेनमधल्या हॉटेलच्या खिडकीतून बघून 'आज हवा खराब' ठरवणारे लोक हे हुकवतात.

खरोखर खराब दिवस दोन प्रकारचे. दिवसभर बर्फ पडत असेल तर गावातच राहा : तलाव, पुस्तक, पत्ते, आणि मधून एक फेरी. १९२२ मध्ये ब्रिटिश स्कीपटू अर्नॉल्ड लन यांनी स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत उतरायच्या) शर्यतीचा आजचा प्रकार इथेच बसवला आणि १९३१ मध्ये आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. गावातल्या पाट्यांवर हा सगळा इतिहास वाचायला मिळतो. दुसरा प्रकार फ्योन वाऱ्याचा. हा दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा उबदार, कोरडा वारा. तापमान काही तासांत दहा अंशांनीही चढतं, बर्फ ओलं होतं, अनेकांचं डोकं दुखतं, आणि उंच केबल कार वाऱ्यामुळे थांबतात. अशा दिवशी वर जायचा हट्ट सोडून बर्नला जावं. जुन्या शहरात छत असलेल्या कमानींखालून सहा किलोमीटरांच्या आसपास चालता येतं, पाऊस असो की बर्फ. लाउटरब्रुनेनला जाणार असाल तर श्टाउबबाख धबधबा (सुमारे २९७ मीटर) हिवाळ्यात बारीक धारेचा आणि गोठलेल्या कडांचा असतो. डोंगराच्या पोटातले ट्र्युमेलबाख धबधबे मात्र हिवाळ्यात बंद असतात, आणि हे न पाहता निघालेले लोक बसथांब्यावर हमखास भेटतात.

शेवटचा दिवस आदल्या दिवशीच सुरू होतो. काचेच्या बाटल्या आणि डबे गावातल्या पेट्यांत टाकायचे असतात, आणि रविवारी किंवा रात्री ते टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून. कचरा साध्या काळ्या पिशवीत बाहेर ठेवलेला उचलत नाहीत. शुल्क भरलेली पिशवी किंवा पिशवीवर लावायचं तिकीट लागतं, ते दुकानाच्या गल्ल्यावर मागून घ्यावं. रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळायची, त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनरही संध्याकाळीच फिरवा. साफसफाईचे पैसे भरलेले असले तरी भांडी धुऊन, फ्रिज रिकामा करून आणि शेगडीवरची हळद पुसून ठेवावी लागते. हळदीचा डाग बसला तर अनामत रकमेतून कापतात. किल्ली बहुधा सकाळी दहाच्या आत द्यायची असते.

झ्युरिकहून विमान दुपारचं असेल तर शेवटची रात्र म्युरेनमध्ये काढू नका, किंवा निदान तीन तास जास्त हाताशी ठेवा. वाऱ्यामुळे एक केबल थांबली तर दुसऱ्या बाजूनं उतरता येतं, पण गावाच्या त्या टोकापर्यंत सामान न्यायचं असतं. भाड्याची घसरगाडी म्हणूनच सर्वांत शेवटी परत करायची.